एकट्याने शिकणाऱ्यासाठी डिजिटल पाठ कसा तयार करावा?

प्रास्ताविक

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात धडकले. घरांची छपरे उडाली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि मोबाईलचे मनोरे मुके झाले. मार्चपासून कोरोनामुळे शाळा बंदच होत्या. जूनमध्ये शिक्षण 'ऑनलाईन' सुरू होणार असे सर्वत्र सांगितले जात होते आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या किनाऱ्यावरील कित्येक गावांत वीज येण्यास आठवडे लागले. जिथे वीज नाही तिथे फोन चार्ज होत नाही, आणि जिथे मनोरा बंद आहे तिथे चार्ज झालेला फोनही उपयोगाचा नाही.

आम्ही काही शिक्षक, नोकरदार व पदवीधर तरुण आमच्या वाडीतील विहाराच्या सभागृहात संध्याकाळची अभ्यासिका चालवितो. त्या पावसाळ्यात सभागृहही बंद ठेवावे लागले. मुले घरी, आम्ही घरी. अशा वेळी एकट्याने शिकणाऱ्या मुलाच्या हाती काय द्यावे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आम्ही त्याचे उत्तर प्रथम चुकीचे दिले. त्या चुकीतून आम्ही काय शिकलो, आणि या विषयातील जाणकारांनी आधीच काय सांगून ठेवले होते, हे प्रस्तुत लेखात मांडीत आहोत. ज्या कोणास आपल्या वस्तीतील मुलांसाठी किंवा मोठ्यांसाठी डिजिटल पाठ तयार करावयाचे असतील त्यांना याचा उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

आमची पहिली चूक

वीज आल्यावर आम्ही उत्साहाने कामाला लागलो. फळ्यासमोर उभे राहून चाळीस-चाळीस मिनिटांचे तास फोनवर चित्रित केले व विद्यार्थ्यांच्या गटात पाठविले. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून तेही पाठविले. महिन्याभरात गटात साठ-सत्तर फाईली जमा झाल्या. आम्हांस वाटले, केवढे काम झाले!

गणपतीच्या सुमारास नववीतील एक मुलगी रस्त्यात भेटली. आम्ही विचारले, "पाठ बघतेस ना?" ती जराशी घुटमळली आणि म्हणाली, "सर, पाठ उघडेपर्यंत बाबांची होडीवर जायची वेळ होते. फोन एकच आहे. आणि बघितलं तरी मला समजलं की नाही ते कळत नाही."

तिच्या या तीन वाक्यांत सारा विषय आला. पहिले, पाठ तिच्या परिस्थितीला धरून केलेला नव्हता. दुसरे, साधने तिच्या घरात कमी होती, आणि आम्ही ती अधिक असल्याचे गृहीत धरले होते. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे, वर्गात शिक्षक मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून 'समजले का?' हे ओळखतो. एकट्याने शिकणाऱ्यास ते सांगणारे कोणीच नसते. ते काम पाठानेच करावयास हवे. आमचे पाठ नुसतेच बोलत होते.

आणखी एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही एक चाचणी घेतली आणि सर्वांचे गुण नावांसह गटात टाकले. सर्वांत कमी गुण मिळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी गटातून बाहेर पडला. त्याला परत आणावयास आम्हांला चार महिने लागले. एकट्याने शिकणाऱ्याची चूक ही त्याची खासगी बाब आहे, ती चव्हाट्यावर मांडावयाची नसते, हा धडा आम्ही त्या मुलाकडून घेतला.

हा मार्ग नवा नाही

एकट्याने शिकणे ही काही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. शाळा सुटलेली मुले, घरकाम व मजुरी सांभाळणाऱ्या स्त्रिया 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून परीक्षेस बसतात, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. २० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयांचाही समावेश होता. शाळेबाहेर राहिलेल्यासही ज्ञानाचे साधन हाती मिळाले पाहिजे, हा विचार त्यामागे होता.

१९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले हे होते. ज्यांचे बारावीपर्यंत शिक्षण झाले नव्हते त्यांच्यासाठीही या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती या विद्यापीठाची पुस्तके. घटकाच्या सुरुवातीस उद्दिष्टे, मध्ये मध्ये विद्यार्थ्याने स्वतः सोडवावयाचे प्रश्न, शेवटी सारांश व उत्तरे, अशी त्यांची बांधणी असते. नेहमीचे पाठ्यपुस्तक शिक्षक शेजारी आहे असे गृहीत धरून लिहिलेले असते. स्वयंअध्ययनाचे पुस्तक शिक्षकाची जागा स्वतः घेते. डिजिटल पाठ करणाऱ्याने प्रथम असे एखादे पुस्तक मिळवून त्याची रचना नीट पाहावी. पडदा आला तरी तत्त्व तेच आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पुस्तकाची पाने स्कॅन करून फोनवर टाकली म्हणजे डिजिटल पाठ झाला असे नव्हे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे ग्रंथसंच आज संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. ही फार मोठी सोय आहे; पण ते वाचन झाले. आता दुसरे उदाहरण पाहा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील प्राध्यापिका फ्रान्सेस प्रिचेट यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'वरील प्रबंधाची अभ्यासासाठी खास संगणकीय आवृत्ती तयार केली. त्यात मजकूर लहान लहान क्रमांकित भागांत विभागला आहे आणि अपरिचित नावे व संदर्भ यांवर टिपा दिल्या आहेत. वाचणारा कोठे अडखळेल याचा विचार आधीच करून तेथे हात दिलेला आहे. ग्रंथ तोच, परंतु एकट्याने अभ्यास करणाऱ्याची सोय निराळी.

प्रथम विद्यार्थी पाहावा

पाठ लिहावयास बसण्यापूर्वी ज्याच्यासाठी तो लिहावयाचा त्याच्या घरी जाऊन यावे. आम्ही पुढील पाच प्रश्न विचारतो.

१) घरात फोन किती व ते कोणाच्या हाती केव्हा असतात?
२) नेट घरात मिळते, की टेकडीवर अथवा जेट्टीवर जावे लागते?
३) दिवसातून सलग किती मिनिटे अभ्यासास मिळतात?
४) या विषयात त्याला आज काय येते? (शाळेने त्याला कितवीत बसविले आहे हे विचारू नये.)
५) अडल्यास विचारावयास कोण आहे?

आमच्याकडे बहुतेक उत्तरे सारखीच आली. फोन एक, तो रात्री नऊनंतर मोकळा. नेट ओटीवर येते, आत येत नाही. सलग वेळ पंधरा-वीस मिनिटे. मुलींना त्याहून कमी, कारण पाणी, मासळी निवडणे, धाकटी भावंडे. विचारावयास कोणी नाही. ही उत्तरे समोर ठेवूनच पाठ करावा लागतो.

पाठाच्या बांधणीचे आठ नियम

१) शेवटापासून सुरुवात करावी. 'भरती-ओहोटी समजून घेणे' हे उद्दिष्ट पुरेसे नाही, कारण समजले की नाही हे मोजता येत नाही. 'तिथी सांगितली असता पूर्ण भरतीची मोटामोटी वेळ काढता येणे' हे उद्दिष्ट झाले. पाठाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे ते एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर पाठ अजून आपल्यालाच स्पष्ट नाही असे समजावे.

२) एका पाठात एकच मुद्दा, आणि तोही थोडक्यात. २०१४ मध्ये फिलिप ग्वो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख चित्रफीत-दर्शनांची पाहणी केली. चित्रफीत कितीही लांब असली तरी विद्यार्थी सरासरीने सहा मिनिटांपलीकडे फारसे टिकत नाहीत, असे त्यांना आढळले. आमचे चाळीस मिनिटांचे तास कोणी का पाहिले नाहीत, याचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले. चाळीस मिनिटांच्या तासाचे सात तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव व स्वतःचा प्रश्न द्यावा.

३) डोळ्यांना चित्र, कानांना शब्द. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज व अक्षरे यांच्या मेळावर अनेक वर्षे प्रयोग केले. चित्र दाखवून तोंडाने समजावले तर ते चांगले शिकता येते. परंतु तेच शब्द पडद्यावर लिहून वर ते वाचूनही दाखविले तर मनावर नाहक ओझे पडते. पार्श्वसंगीत, फिरती फुले, चमकणारी अक्षरे यांनी पाठ आकर्षक होत नाही, लक्ष मात्र फुटते. तसेच 'विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे' यापेक्षा 'आता तू हे करून बघ' अशी बोलण्यातील भाषा अधिक उपयोगी पडते. अक्षरे पडद्यावर हवीतच, पण मथळे, सूत्रे व नवे शब्द एवढीच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मात्र पूर्ण मजकूर वेगळ्या फाईलीत द्यावा.

४) आधी सोडवून दाखवावे, मग सोडवावयास सांगावे. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांच्या संशोधनातून असे दिसले की, नवशिक्याला एकदम गणिते सोडवावयास देण्यापेक्षा पायरीपायरीने सोडविलेली उदाहरणे अभ्यासावयास दिली तर तो कमी वेळात अधिक शिकतो. पहिले उदाहरण पूर्ण सोडवावे, दुसऱ्यात शेवटची पायरी त्याच्यावर सोपवावी, तिसऱ्यात दोन पायऱ्या, आणि चौथे सर्वस्वी त्याचे. पोहावयास शिकविताना हात हळूहळू सोडतात, तसेच हे.

५) विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिकी यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा पुन्हा वाचल्याने 'मला येते' असे वाटते, आणि परीक्षेत ते वाटणेच दगा देते. म्हणून दर तीन-चार मिनिटांनी पाठ थांबला पाहिजे आणि विद्यार्थ्याच्या हाती पेन्सिल आली पाहिजे.

६) चुकीच्या उत्तरालाही उत्तर द्यावे. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढेच सांगणारा पाठ हा पाठ नव्हे. तो कसा चुकला असेल याचा आधी विचार करून प्रत्येक संभाव्य चुकीसाठी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. हे काम सर्वांत कंटाळवाणे आहे, पण शिक्षकाचा खरा अनुभव येथेच लागतो. वीस वर्षे वह्या तपासलेल्यालाच मुले कोठे चुकतात ते माहीत असते.

७) उजळणीची सोय पाठातच करावी. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच विस्मरणाचा वेग मोजून दाखविला होता. शिकलेले पहिल्या दिवसांत झपाट्याने विसरते. मध्ये अंतर ठेवून उजळणी केली तर टिकते. आमच्या प्रत्येक पाठाच्या आरंभी मागील पाठावरचे दोन आणि आठवड्यापूर्वीच्या पाठावरचा एक प्रश्न असतो.

८) नेट नसले तरी पाठ चालला पाहिजे. हा नियम निसर्ग वादळाने आम्हांस शिकविला. येथे थोडा हिशेब करावा. सामान्य दर्जाच्या चित्रफितीस सेकंदाला सुमारे एक मेगाबिट लागतात असे धरले तर दहा मिनिटांची फाईल ७५ एमबीची होते. तोच पाठ ३२ किलोबिटच्या आवाजाच्या फितीत केला तर दहा मिनिटांना अवघे २.४ एमबी लागतात. आवाज व चार चित्रांची पीडीएफ मिळून पाच एमबीत काम होते आणि ओटीवर उभे राहून ती मिनिटाभरात उतरवून घेता येते. चित्रफीत तेव्हाच करावी जेव्हा हालचाल दाखविल्यावाचून गत्यंतर नाही. शासनाच्या दीक्षा या ॲपमधील पुष्कळ साहित्य एकदा उतरवून घेतल्यावर नेटशिवाय पाहता येते. कोलिब्री नावाची एक विनामूल्य प्रणालीही आहे. तिच्या साहाय्याने सभागृहातील एका संगणकावरून आसपासच्या फोनांना इंटरनेटशिवाय पाठ देता येतात. आणि सर्वांत शेवटी, प्रत्येक पाठाचा एक पाठपोट छापील कागद असावा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

एक पाठ उदाहरणादाखल

वरील नियम एकत्र कसे येतात हे दाखविण्यासाठी आमचा एक पाठ येथे देतो. किनाऱ्यावरील जुन्या माणसांना एक आडाखा माहीत असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. मुलांच्या घरातीलच हे ज्ञान असल्यामुळे आम्ही ते निवडले.

पहिला भाग (उद्दिष्ट): या पाठानंतर तुला तिथीवरून पूर्ण भरतीची मोटामोटी वेळ काढता येईल.

दुसरा भाग (कारण): चित्रात पृथ्वी व चंद्र. आवाज सांगतो: चंद्र रोज थोडा उशिरा डोक्यावर येतो. ३० तिथींत हा उशीर पूर्ण २४ तासांचा होतो. २४ तास म्हणजे १४४० मिनिटे. त्याला ३० ने भागले की ४८ मिनिटे. म्हणून भरती दर तिथीला सुमारे ४८ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते.

तिसरा भाग (सोडविलेले उदाहरण): आज चतुर्थी. ४ गुणिले ३ म्हणजे १२; १२ भागिले ४ म्हणजे ३. पूर्ण भरती सुमारे ३ वाजता. दिवसात दोन भरत्या येतात, म्हणून एक पहाटे ३ च्या सुमारास व दुसरी त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी.

चौथा भाग (अर्धे उदाहरण): आज अष्टमी. ८ गुणिले ३ म्हणजे २४. आता ४ ने तू भाग. (उत्तर: ६ वाजता.)

पाचवा भाग (प्रश्न): आज कृष्ण षष्ठी. पूर्ण भरती केव्हा? उत्तर लिहिल्याशिवाय पान उलटू नकोस.

सहावा भाग (उत्तरे):
साडेचार लिहिलेस तर बरोबर. ६ गुणिले ३ म्हणजे १८. त्याला ४ ने भागून साडेचार.
४ वाजून ५० मिनिटे लिहिलेस तर भागाकार बरोबर आहे, पण ४.५ मधील ५ म्हणजे पन्नास मिनिटे नव्हेत. तो अर्धा तास आहे, म्हणजे ३० मिनिटे.
पावणेचार लिहिलेस तर तू पौर्णिमेच्या १५ तिथी धरून २१ ने गुणलेस. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून करावयाची. का, ते पुढे पाहू.

सातवा भाग (विचार करावयाचा प्रश्न): पौर्णिमेला पाऊणपट केली तर सव्वाअकरा येतात. पाऊण तासाऐवजी ४८ मिनिटांनी हिशेब करून बघ. किती येतात? (१५ गुणिले ४८ म्हणजे ७२० मिनिटे, बरोबर १२ तास. म्हणजे एका पक्षात घड्याळाचा एक पूर्ण फेरा होतो. म्हणूनच मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते. पाऊण तासाचा आडाखा तोंडी हिशेबास सोपा, पण पक्षाच्या अखेरीस तो पाऊण तास मागे पडतो.)

आठवा भाग (सूचना व गृहपाठ): हा आडाखा आहे, वेळापत्रक नव्हे. समुद्रात जाताना बंदराचे भरतीचे कोष्टकच पाहावे. आज घरातील मोठ्यांना हा आडाखा विचार, आणि उद्या किनाऱ्यावर जाऊन वेळ ताडून पाहा.

पाठ एकूण सात मिनिटांचा, आवाज व पाच चित्रे मिळून चार एमबीचा. अपूर्णांक, भागाकार, भूगोल व निरीक्षण एकत्र आले. परंतु आम्हांस खरे समाधान वेगळ्याच गोष्टीचे झाले. एका मुलाचे आजोबा, ज्यांना अक्षरओळख नाही, ते नातवाशेजारी बसून फोन ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "हे तर मला येतंय की रे!" शिकणाऱ्याच्या घरातील ज्ञानाचा मान पाठाने राखला की घर पाठाच्या बाजूने उभे राहते.

पाठ तपासून घ्यावा

मुंबईच्या आय.आय.टी. मध्ये प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. मुक्त संगणक प्रणाली एकट्याने शिकता याव्यात म्हणून साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार केले गेले व मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन झाले. त्यांच्या पद्धतीतील तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, बोलण्यापूर्वी संहिता लिहितात, तीही दोन रकान्यांत: एका बाजूस पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्या बाजूस काय बोलले जाईल. दोन, शिकणाऱ्याने शेजारी शेजारी काम करावे अशी अपेक्षा असते. एकीकडे पाठ, दुसरीकडे स्वतःची कृती, थांबत थांबत. तीन, संहिता विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तज्ज्ञाला वगळलेली पायरी दिसत नाही. नवख्याचा पाय तेथेच अडतो.

आम्हीही आता तसेच करतो. पाठ तयार झाला की ज्याला तो विषय येत नाही अशा दोघांना देतो आणि शेजारी गप्प बसतो. हे गप्प बसणे फार कठीण आहे. तो अडला की आपले तोंड उघडू पाहते. पण घरी एकटा असताना आपण तेथे नसणार. तो जेथे थांबला ती जागा लिहून ठेवावी आणि पाठ दुरुस्त करावा. दोष विद्यार्थ्याचा नव्हे, पाठाचा.

काही व्यावहारिक सूचनाही येथेच नोंदवितो. मजकूर युनिकोड देवनागरीतच टंकित करावा. जुन्या छपाईच्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या फोनवर उघडला की अक्षरांचा कचरा होतो आणि दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालींनाही तो वाचता येत नाही. फाईलीला 'नवीन पाठ ३' असे नाव न देता इयत्ता, विषय व क्रमांक असे नाव द्यावे. मराठी शब्दासोबत परीक्षेत व पुढील शिक्षणात भेटणारा इंग्रजी शब्दही देवनागरीत ऐकवावा, म्हणजे अकरावीत मूल गोंधळत नाही. दुसऱ्याचे चित्र वा चित्रफीत परवानगीवाचून घेऊ नये, आणि आपले पाठ मात्र सर्वांना वापरण्यास मोकळे ठेवावेत.

माणसाची जागा

पाठ कितीही चांगला झाला तरी तो माणसाची जागा सर्वस्वी घेऊ शकत नाही. मुक्त विद्यापीठाने पुस्तकांबरोबर अभ्यासकेंद्रे व समंत्रक ठेवले ते याचसाठी. एकट्याने शिकणारा बहुधा विषयामुळे गळत नाही, एकटेपणामुळे गळतो. म्हणून आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी एक तास भेट असते. त्यात आम्ही शिकवीत नाही. आठवड्यात कोण कोठे अडले ते फक्त विचारतो, आणि ज्याला आले तो ज्याला आले नाही त्याला सांगतो. ज्याचा रविवार चुकला त्याच्या घरी कोणीतरी जाऊन येतो. गुण कोणाचेही जाहीर करीत नाही.

हे सर्व कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. २०२१ ची दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. परंतु २०२० मध्ये नववीत असलेली मुले मार्च २०२२ मध्ये प्रत्यक्ष लेखी परीक्षेस बसली, आणि मधल्या काळात त्यांपैकी अनेकांनी शाळेचे तोंड फारच थोडे दिवस पाहिले होते. ज्याच्या घरी शिकलेले माणूस आहे त्याचे कसेबसे निभावले. ज्याच्या घरी नाही, त्याच्यासाठी पाठ हाच शिक्षक होता. रस्त्यात भेटलेली ती मुलगी त्या परीक्षेत गणितात राहिली. आमचे नवे पाठ तिच्या हाती पडावयास उशीर झाला होता, हे आम्ही विसरू शकत नाही. तिने पुन्हा फॉर्म भरला, रात्री नऊनंतरच्या वीस-वीस मिनिटांत गणित केले आणि ती उत्तीर्ण झाली. आज आमच्या पाठांची पहिली तपासणी तीच करते. कोठे अडायला होते हे तिच्याइतके आम्हां कोणालाच कळत नाही.

समारोप

वाचकहो, या कामास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक साधा फोन, शांत खोली, लिहिलेली संहिता आणि पुष्कळसा धीर एवढे पुरे. आपल्या समाजात आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत व एस.टी.त नोकरी करणारे आहेत, मुंबईहून सुट्टीत गावी येणारे अभियंते आहेत. परिचारिकेने तापाच्या रुग्णाची नोंद कशी ठेवावी हा पाठ करावा, बँकेतील बंधूंनी व्याजाचा हिशेब समजावावा, कोळीवाड्यातील एखाद्या नाखव्याने वारा कसा ओळखावा ते सांगावे. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पाठ, सहा-सात मिनिटांचा, दोन नवख्यांकडून तपासून घेतलेला, नेटशिवाय चालणारा, असा तयार केला तरी दहा वर्षांत प्रत्येक वाडीची स्वतःची शाळा उभी राहील, आणि तिचे छप्पर कोणत्याही वादळाने उडणार नाही.

पाठ करून झाला की एकच प्रश्न स्वतःस विचारावा: रात्री नऊ वाजता, एका फोनवर, एकटी बसलेली मुलगी या पाठावरून 'मला समजले की नाही' हे स्वतः ओळखू शकेल काय? उत्तर होय असेल तर पाठ झाला. नसेल तर पुन्हा लिहावयास बसावे. आम्हीही अजून बसतोच आहोत.